पिल्लांची अस्वल अंगावर आली तर नेमकं काय करायचं? (किनवट-माहूर पट्टा)

पैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. किनवट तालुक्यात इस्लापूरच्या अलीकडं आमचा भाग. शेताच्या बांधाला लागूनच जंगल. रानडुकरं हरभरा, मका, उन्हाळी भुईमूग काहीच ठेवीना गेलीत, म्हणून रात्री गावातली पाच-सहा पोरं बॅटऱ्या, कुत्री, कुऱ्हाडी घेऊन निघतात. एखाद्याकडं ठासणीची बंदूकही असते. लपवून उपयोग नाही, उत्तर खरं पाहिजे.

मागच्या आठवड्यात डुकराच्या मागावर नाल्यात उतरलेल्या एका माणसावर दोन पिल्लांची अस्वल आली. कुत्रं पुढं होतं, ते भुंकून उलटं मालकाकडं पळालं आणि अस्वल त्याच्या मागोमाग. डोक्याची कातडी सुटली, कान फाटला. जीव वाचला, सध्या नांदेडला दवाखान्यात आहे.

आता गावात ज्याचं त्याचं वेगळं चालू आहे. कुणी म्हणतंय झाडावर चढायचं, कुणी म्हणतंय मेल्यासारखं पडायचं, कुणी म्हणतंय पुढच्या बारीला सरळ बार टाकायचा. पंधरा दिवसांत मोह गळायला लागंल, बाया-लेकरं पहाटे त्याच नाल्याच्या काठानं जाणार. जाणकारांनी नीट सांगावं: अस्वल अशी कारण नसताना का येते, समोर आली तर कोणत्या अंतरावर काय करायचं, आणि माणूस जखमी झाला तर दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं?

टेंभुर्णी
जखमी भावाला लवकर आराम पडो. कारण मात्र होतं, आणि ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आपल्याकडचं अस्वल वाळवी, मुंग्या, मोहाची फुलं, टेंभुर्णं, बोरं, बहाव्याच्या शेंगा आणि मध यांवर जगतं. वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. माणूस हे त्याचं खाणं नाही. पण ज्या रानात वाघ-बिबट्या आहे तिथं अंगानं जड, पळण्यात बेताचं आणि पाठीवर पिल्लू घेतलेलं जनावर वाचायचं कसं? त्याच्याकडं एकच उपाय: फार जवळ काही आलं की आधी आपणच तुटून पडायचं, मागच्या पायांवर उभं राहून समोरच्याच्या तोंडावर पंजा मारायचा आणि तो गडबडला की निघून जायचं. पुढच्या पायांची नखं सात ते दहा सेंटिमीटर लांब असतात. ती वारूळ फोडायला असतात, पण कातडीवर पडली की काय होतं ते तुम्ही पाहिलंच.

अस्वलाचं नाक फार तेज, नजर अधू. खायला लागलं की फुंकरण्याचा आणि ओढण्याचा इतका मोठा आवाज करतं की शांत रानात शंभर पावलांवरून ऐकू येतो. त्या वेळी त्याला स्वतःच्या आवाजापुढं दुसरं काही कळत नाही. आता शिकारीला निघालेल्या माणसाची चाल बघा. तो पायाचा आवाज करीत नाही, बोलत नाही, वास लागू नये म्हणून वाऱ्याच्या विरुद्ध चालतो, नाल्याच्या तळातून, झाडोऱ्याच्या आडून जातो आणि कुत्रं पुढं सोडतो. डुकरासाठी हे सगळं बरोबर आहे. अस्वलासाठी यातली एकेक गोष्ट घातक आहे, कारण माणूस आल्याचं त्याला आठ-दहा पावलांवरच कळतं आणि तेवढ्या अंतरात पिल्लं घेऊन पळायला जागा उरत नाही. शिकारीची चाल जितकी चांगली, तितका हा धोका मोठा. गावातल्या पोरांना बाकी काही पटलं नाही तरी एवढं पटवा.

हंगामाचं गणित असं. नर-मादी एकत्र येतात मे ते जुलैत. पिल्लं होतात साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत, कपारीत किंवा खोदलेल्या बिळात, बहुतेक एक किंवा दोन. दोन-अडीच महिन्यांनी आई त्यांना बाहेर काढते, म्हणजे नेमकं फेब्रुवारी-मार्च. पुढं सहा ते नऊ महिने पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरतात. खांद्यामागचे लांब दाट केस धरून बसायलाच असतात. दीड-दोन वर्षं आईसोबत राहतात. म्हणजे मोहापासून तेंदूपत्त्यापर्यंतचा आपला सगळा हंगाम हा पाठीवर पिल्लं असलेल्या मादीचाही हंगाम आहे.

दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक, अस्वल रात्रीचं जनावर म्हणून दिवसा निर्धास्त राहू नये. पिल्लांची मादी इतर अस्वलांपेक्षा दिवसा जास्त बाहेर असते, कारण रात्री वाघ-बिबट्या आणि मोठे नर फिरतात. दुसरं, पिल्लं पाठीवर असली की मातीत माग एकट्या आईचाच उमटतो. "एकच पाऊल आहे, पिल्लं नाहीत" हा अंदाज या महिन्यांत चुकतो.

माग ओळखायचा असा: पुढच्या पावलाची पाच बोटं जवळपास एका ओळीत, आणि बोटांपासून दोन-तीन अंगुळं पुढं नखांचे ठिपके. मागचं पाऊल माणसाच्या अनवाणी पावलासारखं लांबट. वारुळात तिरपं, खोल, ताजं खोदलेलं भोक आणि बाजूला ओली माती दिसली की थांबायचं. विष्ठेत वाळवीची डोकी, बोराच्या बिया किंवा मोहाचा तांबूस लगदा दिसतो. ती ओली असेल तर ती वाट सोडून द्यायची.

डोंगरकपारी
वर दादांनी कारण सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. मी अंतराचं सांगतो.

पन्नास पावलं किंवा जास्त आणि तिचं लक्ष नाही: गप उभं राहा, वारा कुठून येतो ते बघा आणि आल्या वाटेनं परत फिरा. पुढं जाऊन बघायचं नाही, मोबाईल काढायचा नाही. इथं आरडाओरडा करायची गरज नाही, ती खाते आहे तर खाऊ द्या.

वीस-तीस पावलं आणि तिला कळलं: ती मान वर करील, फुसफुसेल, कदाचित मागच्या पायांवर उभी राहील. उभी राहिली म्हणजे लगेच हल्ला नव्हे. नाक वर करून ती अंदाज घेत असते. बरोबरच्यांनी एकमेकांना खेटून उभं राहायचं, लेकरं मधे. हलक्या, सपाट आवाजात बोलत राहायचं, म्हणजे हा माणूस आहे हे तिला कळतं. तोंड तिच्याकडं ठेवून एकेक पाऊल मागं घ्यायचं. पिल्लं कुठं आहेत ते आधी शोधा. तुम्ही आई आणि पिल्लू यांच्या मधे असाल तर मागं न जाता आडवं सरका, मधली जागा मोकळी करा. पिल्लं घाबरली की आईकडं धावतात आणि पाठीवर चढतात. त्यांना ती वाट मिळाली तर बहुतेक वेळा मादी वळून निघून जाते.

ती धावत आली: पळू नका. ती माणसापेक्षा वेगानं धावते आणि पाठ दिसली की हमखास मागं लागते. पुष्कळदा ती अर्ध्यात थांबून गुरगुरते आणि वळते. उभं राहणं जमलं तर तेच चांगलं. काठी असेल तर दोन्ही हातांनी आपल्या आणि तिच्या मधे धरा, टोक तिच्याकडं. कुऱ्हाड उगारून पुढं धावायचं नाही.

अंगाला भिडली: त्या क्षणी पालथं पडा, आधी नाही. दहा पावलं लांब असतानाच पडलात तर तिला आयतंच सापडाल. पोट आणि तोंड जमिनीला, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून मानेवर, कोपरं दोन्ही कानांशी घट्ट. पाय थोडे फाकवा म्हणजे ती उलथं करू शकणार नाही, आणि केलंच तर लोळून परत पालथं व्हा. पाठीवर पिशवी असेल तर राहू द्या. ओरडू नका, हातपाय झाडू नका. ती गेल्यासारखी वाटली तरी लगेच उठायचं नाही, पिल्लांना घेऊन लांब जाईपर्यंत पडून राहायचं. घाईनं उठलेल्या माणसावर ती परत येते.

शाळेच्या पुस्तकातली दोन मित्रांची गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात आहे, म्हणून खास लिहितो. गोष्टीतला मित्र श्वास रोखून पडतो आणि अस्वल हुंगून जातं. खऱ्या रानात उताणं पडलात तर डोळे, नाक, जबडा, गळा सगळं उघडं पडतं, आणि अस्वलाचा पहिला घाव तिथंच असतो. श्वास रोखल्यानं काही होत नाही. तोंड झाकल्यानं होतं. आणि अस्वल गुदगुल्या करून मारतं हेही कुठं ऐकलं असेल तर सोडून द्या.

सोबत्याला धरलं असेल तर बाकीच्यांनी पांगायचं नाही. सगळ्यांनी एकत्र, एका बाजूनं, डबे-काठ्या बडवत, ओरडत पुढं सरकायचं. चारी बाजूंनी घेरायचं नाही. जिकडं पिल्लं आहेत तिकडची बाजू मोकळी ठेवायची. तिला निघायला वाट दिसली पाहिजे.

बोधडीचा_रामभाऊ
सगळं पटलं, पण झाडाचं काय? आमच्याकडं जुनी माणसं झाडावर चढा असंच सांगत आलीत.

डोंगरकपारी
रामभाऊ, हे अस्वल मधाच्या पोळ्यासाठी आणि मोहासाठी झाडावर सहज चढतं. प्रत्येक वेळी माणसाच्या मागं चढेलच असं नाही, पण चढायला त्याला अडचण काही नाही. खरी अडचण वेगळी आहे. जवळून हल्ला होतो तेव्हा झाड गाठायला पाठ करून पळावं लागतं, आणि बुंध्याला मिठी मारून चढणाऱ्या माणसाचे पाय, कंबर, पाठ तिच्या पंजाच्या उंचीवर असतात. तिथून ओढून खाली पाडलेला माणूस उताणा पडतो. आधीच मचाणावर असाल तर गोष्ट निराळी. तिथून उतरू नका.

टेंभुर्णी
कुत्र्याबद्दल थोडं. मोकळं कुत्रं अस्वलाला शोधतं, भुंकून चिडवतं आणि निभत नाही असं दिसलं की धन्याच्या पायांत येतं. प्रश्नात जे घडलं ते याच कारणानं. मोह वेचायला, सरपणाला, गुरांमागं जाताना कुत्रं नेऊच नका, नेलं तर दोरीनं बांधून.

बंदुकीचंही स्पष्ट सांगतो. ठासणीच्या बंदुकीत एकच बार. अंगावरचे केस दाट आणि लांब, अंधार, धावतं जनावर, हातात थरथर. असा बार जागी लागत नाही, लागला तरी ते तिथं पडत नाही. दारू ठासून दुसरा बार भरायला अर्धा-एक मिनिट जातं, आणि धावत आलेलं अस्वल वीस पावलं दोन-तीन सेकंदांत कापतं. छऱ्याची असेल तर सोबत्याला लागायची भीती वेगळी. सगळ्यात वाईट म्हणजे जखमी मादी पिल्लं घेऊन त्याच झुडपात पडून राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून जाणारी बाई किंवा गुराखी, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, तो तिच्या तावडीत सापडतो.

वकिली_नांदेड
बार टाकण्याचं वाचलं म्हणून कायद्याची बाजू मांडतो. गावातल्या पोरांना हे वाचून दाखवा.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये अस्वल अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे सर्वाधिक संरक्षण. कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त ठार मारणं नाही. पकडणं, फास लावणं, विष घालणं, हाका करून हुसकावणं, आमिष मांडणं आणि यांतला नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच. अनुसूची १ मधल्या प्राण्याच्या शिकारीला कलम ५१ प्रमाणे किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं कैद. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये.

आता स्वसंरक्षण. कलम ११(२) सांगतं की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्भावनेनं, वन्यप्राणी मारला किंवा जखमी झाला तर तो गुन्हा नाही. बहुतेक लोक इथंच वाचन थांबवतात. त्याच पोटकलमाला जोडून अट आहे: ती वेळ आली तेव्हा माणूस स्वतः या कायद्याविरुद्धचं काही कृत्य करीत असेल तर त्याला ही सूट नाही. मोह वेचणाऱ्या बाईनं जीव वाचवायला काठी मारली तर तिच्यामागं कायदा उभा आहे. विनापरवाना डुकराच्या शिकारीला गेलेल्यानं अस्वल मारलं तर तो "अंगावर आलं होतं" म्हणून सुटत नाही. दोन गुन्हे लागतात, बंदूक विनापरवाना असेल तर शस्त्र अधिनियम, १९५९ चा तिसरा. आणि स्वसंरक्षणात मेलेला प्राणीही सरकारचीच मालमत्ता. नखं, केस, पित्त काहीही घरात ठेवायचं नाही.

वनहक्क कायदा, २००६ चं नाव घेऊन कुणी शिकारीचा हक्क सांगत असेल तर तेही चूक. त्या कायद्यानं मोह, तेंदू, मध, डिंक अशा गौण वनउपजावर हक्क दिला, शिकार मात्र त्यातून स्पष्ट वगळली आहे.

डुकरांचा त्रास खरा आहे, तो नाकारत नाही. त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज करा, पीक नुकसानीचा पंचनामा उशीर न लावता करून घ्या, सातबारा आणि फोटो जोडा. सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत अनुदान आहे, ग्रामसभेतून मागणी घाला. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, जनावर मागं फिरतं. शेताला थेट लाईटची तार सोडणं मात्र माणसं मारतं आणि तुरुंगात नेतं.

अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर वारसाला राज्य शासनाकडून २५ लाख रुपये मिळतात. कायमचं अपंगत्व आणि जखम यांच्या रकमा वेगळ्या. त्यासाठी त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा १९२६ या वनविभागाच्या टोल फ्री क्रमांकावर कळवा, दवाखान्यात 'वन्यप्राण्याचा हल्ला' अशी नोंद करून घ्या, सगळी बिलं आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पंचनाम्यात माणूस तिथं कशासाठी गेला होता हेही येतं.

सिस्टर_गोकुंदा
जखमेबद्दल सांगते. क्रम चुकला की वाचणारा माणूसही हातचा जातो.

पहिलं श्वास. चेहरा आणि जबडा फाटलेल्या माणसाला उताणं झोपवू नका, रक्त घशात जाऊन गुदमरतो. शुद्धीवर असेल तर पुढं वाकवून बसवा, रक्त बाहेर ठिबकू द्या. बेशुद्ध असेल तर कुशीवर, तोंड खाली कलतं. तोंडात तुटलेले दात, माती असेल तर दिसतं तेवढंच बोटानं काढा. पाणी, चहा काही पाजू नका, ऑपरेशनला भूल द्यायची असते.

दुसरं रक्त. डोक्याच्या कातडीतून रक्त फार येतं, बघून घाबरायला होतं, पण दाबानं थांबतं. स्वच्छ सुती धोतर किंवा ओढणी घडी करून जखमेवर ठेवा आणि तळहातानं दहा मिनिटं सलग दाबा, मधे उचलून बघू नका. भिजलं तर वरून दुसरी घडी. सुटलेली कातडी लोंबत असेल तर कापू नका, हलक्या हातानं जागेवर पसरून वरून पट्टी बांधा, ती परत शिवता येते. कान किंवा तुकडा पूर्ण तुटला असेल तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिक पिशवीत घाला, ती पिशवी बर्फावर ठेवा, तुकडा थेट बर्फात नको. डोळ्याला मार असेल तर दाबू नका. कागदी पेला उपडा ठेवून हलकं बांधा. डोकं जोरात आपटलं असेल तर मान हलणार नाही असं धरून न्या.

हळद, तंबाखू, चुना, माती, रॉकेल, झाडपाला यांतलं काहीही लावायचं नाही. शिवायच्या आधी आम्हाला ते सगळं खरवडून काढावं लागतं, त्यात वेळ जातो आणि कातडीही वाया जाते.

रक्त आटोक्यात आल्यावर हातापायांच्या लहान जखमा साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. कशासाठी? रेबीज. अस्वलाचा चावा आणि नखाची रक्त आलेली जखम, दोन्ही सगळ्यात गंभीर गटात धरतात. लस त्याच दिवशी सुरू होते. दंडाच्या स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी, कातडीत दिली तर ०, ३, ७, २८ या दिवशी. लसीचा परिणाम व्हायला दिवस लागतात, म्हणून पहिल्याच भेटीत जखमेच्या आत आणि कडेनं इम्युनोग्लोब्युलिन टोचतात: माणसापासून बनवलेलं वजनाच्या दर किलोला २० युनिट, घोड्यापासूनचं ४० युनिट. चेहरा मेंदूच्या जवळ, म्हणून तोंडाच्या जखमेत हे टाळून चालतच नाही. "टाके घातले, आता बरं आहे" म्हणून लोक तिसरं-चौथं इंजेक्शन चुकवतात, तसं करू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं, तेही घ्या.

१०८ ला फोन करताना "अस्वलाचा हल्ला, चेहऱ्याला जखम, रक्त चालू" एवढं आधी सांगा. जंगलातल्या पाड्यापर्यंत गाडी येत नसेल तर बाजेची डोली करून डांबरी रस्त्याला आणा आणि कुठं थांबलात ते फोनवर कळवा. गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्त थांबवून, सलाईन लावून, लस सुरू करून पुढं पाठवतात. जबडा, डोळा, कवटी असेल तर नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावं लागतं. किनवटहून आदिलाबाद जवळ पडतं, तोही पर्याय डॉक्टरांना विचारा.

मोहफूल_ताई
बायांचं कुणी तरी नीट लिहायला पाहिजे म्हणून लिहिते.

मोह पहाटेपासून गळतो आणि सकाळी आठ-नऊपर्यंत गळत राहतो. अस्वल रात्री येऊन उजाडायच्या सुमारास निघतं. गोंधळ होतो तो नेमका या दोन वेळा एकमेकांवर येतात तिथं. दुसरं कुणी आधी वेचून नेईल या घाईनं बाया अंधारात, एकेकट्या निघतात. यावर उपाय गावानं मिळून करायचा: ज्याचं झाड त्याचंच राहील असं ग्रामसभेत ठरलं की घाई संपते. मग सूर्य वर आल्यावर चार-पाच जणींनी मिळून जायचं. झाडाखाली शेडनेट किंवा जुनी जाळी अंथरून ठेवली तर फुलं मातीत जात नाहीत, उशिरा गेलं तरी चालतं आणि पाला जाळायची गरज राहत नाही. जंगलाचे वणवे त्या जाळण्यातूनच लागतात.

झाडापासून शंभर पावलं आधीपासून मोठ्यानं बोलत, काठी आपटत चला. काठीला घुंगरू किंवा बैलाच्या गळ्यातली घाटी बांधली तर न थकता आवाज होत राहतो. नाल्याच्या वळणावर, वाहत्या पाण्याजवळ आवाज वाढवा, कारण पाण्याच्या आवाजात आपला आवाज बुडतो. घाणेरीच्या दाट जाळीला खेटून वाट असेल तर दहा-पंधरा पावलं लांबून जा. झाडाखाली लगेच वाकायचं नाही. आधी लांबून फेरी मारून चहूबाजूंनी बघा. वेचताना सगळ्याच जणी खाली मान घालून नको, एकीनं आळीपाळीनं उभं राहून लक्ष ठेवायचं. वाकलेल्या बाईचा चेहरा अस्वलाच्या उंचीला असतो. दुधाची लेकरं घरी ठेवायची.

कानात हेडफोन घालून पोरी-पोरं जातात, ते बंद करा. पहाटे डबा घेऊन नाल्याकडं जाणंही तितकंच धोक्याचं. संडास बांधलेला असला तरी पाण्याअभावी बंद पडलेला असतो. तिथं पाणी पोचवणं हासुद्धा अस्वलावरचा उपायच आहे.

पैनगंगाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, सिस्टर, तुमचं लिहिलेलं छापून शाळेत आणि समाजमंदिरात लावतो. शिकारीला जाणाऱ्या पोरांना वकील साहेबांची अट वाचून दाखवली, दोघांचे चेहरे उतरले. आता ग्रामसभेत सौर कुंपणाचा ठराव घेतोय.

दोन गोष्टी राहिल्या. डुकरासाठी लावलेले क्लच वायरचे फास अजून नाल्यात आहेत, ते कसे काढायचे? आणि पिल्लू एकटं दिसलं तर?

टेंभुर्णी
फास आधी काढा, मोह सुरू व्हायच्या आत. लावणाऱ्यालाच जागा पाठ असतात, त्याला सोबत घ्या आणि वनरक्षकाला सांगून त्याच्यासमोर काढा. दिवसा, ऊन चढल्यावर, पाच-सहा जणांनी, आवाज करत जायचं. जनावरांच्या वाटा जिथं झुडपातून बारीक होतात आणि कुंपणात भगदाड असतं तिथं, जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर तारेचा फासा असतो, दुसरं टोक खुंट्याला किंवा बुंध्याला. पक्कडीनं तार कापून सगळी गोळा करायची, तिथं टाकायची नाही. पिठाच्या गोळ्यात दारू भरलेला गावठी बॉम्ब कुणी ठेवला असेल तर त्याला हात लावू नका, खूण करून पोलिसांना आणि वनविभागाला बोलवा. अस्वल असले गोळे वासानं शोधून खातं आणि जबडा फुटून कित्येक दिवस तडफडत मरतं.

फासात अस्वल अडकलेलं दिसलं तर ते अडकलंय म्हणून जवळ जायचं नाही. ओढाताणीत तार पंज्यात रुतते, एखाद्या झटक्यासरशी खुंटा उपटतो किंवा तार तुटते, आणि समोर जो असेल त्याच्यावर ते येतं. मादी असेल तर पिल्लं आसपासच्या झुडपात असतातच. शंभर-दीडशे पावलं लांब थांबा, कुत्री बांधा, गर्दी अडवा, १९२६ ला फोन करा आणि खुंटा कशाला बांधलाय, तार किती लांब, पिल्लं दिसली का हे सांगा. भुलीचं इंजेक्शन देणारं पथक यायला वेळ लागतो, तोवर एक जाणता माणूस लांबून लक्ष ठेवून राहिला तर पुरे.

पिल्लू एकटं दिसलं तर ते सोडलेलं आहे असं समजू नका. आई बहुधा वीस-तीस पावलांत वारूळ फोडत असते. हात लावायचा नाही, दूध पाजायचं नाही, कडेवर घेऊन फोटो तर नाहीच. पिल्लू किंचाळलं की ती दिसायच्या आत अंगावर असते. आल्या वाटेनं मागं या, जागा नीट ध्यानात ठेवा आणि कळवा. आई मेलेली प्रत्यक्ष दिसली असेल तर तेही सांगा, कारण तेव्हाच वनविभाग पिल्लाला उचलायचं ठरवतो. आई जिवंत असेल तर ते तिथंच राहिलं पाहिजे, आणि तिला परत येता यावं म्हणून तो नाला दोन-तीन दिवस गुरांसाठी, सरपणासाठी बंद ठेवा.